गुलामगिरी रद्द करायचं बटण

रात्रपाळी

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत व्हिक्टोरिया ३ या देश चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये ब्राझील घेऊन बसलो होतो. घरात कुणी नाही, चकल्यांचा डबा मांडीवर. गेममध्ये १८६० उजाडलं तेव्हा ठरवलं, आता गुलामगिरी रद्द करून टाकू. कायदा पुढे रेटला. जमीनदारांचा गट भडकला, बुद्धिजीवींचा गट खूश झाला. टक्केवारीची पट्टी महिनोन्‌महिने वरखाली होत राहिली, मध्ये एक बंड झालं, ते मोडलं आणि शेवटी कायदा पास. स्क्रीनवरचे गुलाम त्या क्षणी मजूर आणि शेतकरी झाले. मी पुढची चकली मोडली आणि रेल्वे बांधायला घेतली.

नंतर खऱ्या ब्राझीलचं वाचत गेलो आणि चकल्या तशाच राहिल्या.

आधी गेमचं जे चांगलं आहे ते सांगतो. व्हिक्टोरिया ३ गुलामगिरी लपवत नाही. गुलाम हा लोकसंख्येचा वेगळा गट आहे. त्याला पगार नाही, त्याच्या खाण्यापिण्याचा खर्च मळ्याच्या हिशेबात पडतो आणि त्याचं राजकीय वजन शून्य. या शेवटच्या मुद्द्यावर माझं घोडं अडलं. मतदानाच्या अर्थाने ते शून्य बरोबरच आहे. पण त्यामुळे गेममध्ये गुलामगिरी संपवायची तर ती वरच्यांनीच: राजाने, जमीनदारांनी, बुद्धिजीवींनी किंवा माझ्यासारख्या चकली खाणाऱ्याने. ज्याच्या पायात बेडी आहे त्याने करण्यासारखं काहीच नाही.

खरं काय झालं ते बघा. ब्राझीलने १८३१ मध्येच इंग्लंडच्या दबावाखाली कायदा केला, की यापुढे आफ्रिकेतून आणलेला माणूस देशात पाऊल ठेवताच मोकळा. कायदा कुणी पाळला नाही. पोर्तुगीजमध्ये त्यावरून म्हणच पडली असं सांगतात, 'इंग्रजांना दाखवायला'. आपल्याकडच्या साहेब येणार म्हणून भिंतीला चुना मारण्यातला प्रकार. त्या कायद्यानंतरही सात लाखांहून जास्त माणसं चोरून आणली गेली. म्हणजे १८६० च्या माझ्या गेममधल्या 'गुलामां'पैकी कितीतरी जण त्यांच्याच देशाच्या कायद्याने आधीपासून मोकळे होते!

आणि हे कोर्टात जाऊन दाखवून देणारा एक माणूस होता, लुईस गामा. आई मुक्त आफ्रिकन, बाप पोर्तुगीज वंशाचा. बापाने स्वतःच दहा वर्षांच्या पोराला विकलं. पोरगा मोठेपणी लिहायला शिकला, स्वतःची सुटका करून घेतली, पदवी नसताना साओ पावलोत वकिली केली आणि तोच १८३१ चा धूळ खाणारा कायदा काढून पाचशेच्या वर माणसं सोडवली. १८८२ मध्ये वारला, शेवटचा कायदा बघायला राहिला नाही.

सिआरा प्रांतात १८८१ मध्ये तराफेवाल्या नावाड्यांनी गुलामांना जहाजापर्यंत न्यायलाच नकार दिला. बंदर बंद. १८८४ मध्ये त्या प्रांताने गुलामगिरी संपवली, देशाच्या चार वर्षं आधी. १८८७ मध्ये साओ पावलोच्या कॉफीच्या मळ्यांवरून माणसं जथ्याजथ्याने चालू लागली. त्यांना धरून आणायचं काम आम्हाला सांगू नका, असं लष्करी अधिकाऱ्यांनी राज्य सांभाळणाऱ्या राजकन्या इझाबेलला कळवलं. १८७२ च्या जनगणनेत पंधरा लाख गुलाम होते, १८८७ च्या नोंदणीत सव्वासात लाखांच्या आत. मग १३ मे १८८८ ला इझाबेलने सही केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राजेशाही गेली.

गेममध्ये फक्त ती सही आहे. तर प्रश्न असा: स्ट्रॅटेजी गेम हा प्रकारच मुळात सिंहासनावरून खेळायचा असल्यामुळे हे अटळ आहे का, की बनवणाऱ्यांनी डोकं चालवलं तर जमू शकेल? तुमचे अनुभव लिहा. सिव्ह (सिव्हिलायझेशन), युरोपा, टोटल वॉर, काहीही चालेल.

दुपारची_झोप

वाखूसा (वाचनखूण साठवली). जेवून सविस्तर वाचतो.

लिंबूटिंबू

रात्रपाळी, लेख आवडला, पण गेम आहे रे तो. उद्या बुद्धिबळातल्या प्याद्यांचे हक्क काढशील. सिव्ह ४ मध्ये आम्ही ब्राँझ वर्किंग (कांस्य बनवायचं तंत्र) मिळालं की पहिलं काम गुलामगिरी लावायचं करायचो. शहरातला एक माणूस कमी करा, धान्याचं कोठार तयार. त्याला 'चाबूक मारणं' म्हणायचे सगळे आणि चाबूक कधी मारायचा यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कुणाला झोप उडालेली ऐकलं नाही. हलकं घ्या.

सनावळी

@लिंबूटिंबू, पण त्याच सिव्ह ४ मध्ये एक गोष्ट फार हुशारीने केली होती. कुणीतरी लोकशाहीचा शोध लावून मुक्ती धोरण स्वीकारलं, की ज्यांनी ते स्वीकारलं नाही त्यांच्या शहरांत असंतोष वाढू लागतो. म्हणजे शेजाऱ्याच्या कायद्याने तुमच्या घरात आग. हे इतिहासाच्या बरंच जवळचं आहे. हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झाल्यावर कॅरिबियनमधल्या प्रत्येक मळेवाल्याला झोपेत तेच दिसत होतं.

आता रात्रपाळींच्या मूळ प्रश्नाकडे. मला व्हिक्टोरियाच्या पहिल्याच दिवसाबद्दल बोलायचंय. गेम सुरू होतो १ जानेवारी १८३६. ग्रेट ब्रिटनच्या पानावर 'गुलामगिरीवर बंदी'. खेळणाऱ्याला वाटतं, चला, हा विषय झाला.

त्या तारखेला प्रत्यक्षात काय होतं? १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. पण सहा वर्षांखालची मुलं सोडली तर लगेच कुणी सुटलं नाही. बाकी सगळे 'शिकाऊ उमेदवार' झाले. ज्या मळ्यावर जन्म गेला त्याच मळ्यावर, त्याच मालकाकडे, आठवड्याचे ४५ तासांपर्यंत फुकट काम. शिकायचं काय होतं, तर ऊस कसा तोडायचा. अँटिग्वासारख्या बेटाने ही उमेदवारी नाकारून थेट मुक्ती दिली, बाकीच्यांची ओरड होऊन १ ऑगस्ट १८३८ ला संपली. म्हणजे १ जानेवारी १८३६ ला जमैकातला ऊसतोड्या कागदोपत्री मोकळा आणि अंगावर वळ ताजे.

भरपाई मिळाली, पण मालकांना. दोन कोटी पौंड, तेव्हाच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटनच्या करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. ही रक्कम गेममध्ये खजिन्यातून जायला लावली असती, तर बटण दाबताना आपला हात नक्की थबकला असता. पैशाची भाषा गेमवाल्यांना चांगली कळते.

तिसरी गोष्ट आपल्या दारातली. त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला, सिलोनला आणि सेंट हेलेनाला लागू नाही. हिंदुस्थानासाठी १८४३ चा पाचवा कायदा आला. त्यानेही 'गुलाम मोकळे' असं कुठे म्हटलं नाही. सरकारी अधिकाऱ्याने वसुलीसाठी माणूस विकू नये, कोर्टाने कुणाचा मालकीहक्क मानू नये, गुलाम होता म्हणून कुणाची मिळकत काढून घेऊ नये, आणि मोकळ्या माणसाला मारल्यावर जो गुन्हा तोच गुलामाला मारल्यावर. बस. ज्याला हे कळलं तो सुटला. खेड्यातल्या सालदाराला कोण सांगणार? गुलाम म्हणून माणूस विकत घेणं हा गुन्हा ठरायला दंडसंहिता यावी लागली, ती १८६० ची, लागू १८६२ पासून.

गंमत म्हणजे १८३३ च्या आधीच्या दशकात इंग्लंडमधल्या बायका कॅरिबियन साखरेवर बहिष्कार टाकून साखरेची भांडी विकत घेत होत्या. त्यांवर लिहिलेलं असे, की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही.

दुपारची_झोप

जेवण झालं. झोप उडाली. सनावळी, दंडवत.

पण एक शंका. शेवटी इंग्रजांनीच बंद केली ना? आरमार पाठवून जहाजं पकडली, लाखभर माणसं सोडवली. त्यांना थोडं तरी श्रेय द्या की राव.

सनावळी

द्या की. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्या तुकडीने सुमारे दीड लाख माणसं सोडवली आणि त्यात कित्येक खलाशी तापाने मेले. ब्राझीलचा व्यापार १८५० मध्ये थांबला तोही इंग्रज जहाजं त्यांच्या बंदरांत घुसली म्हणूनच. पण अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्यांचा एकूण अंदाज सव्वा कोटींचा आहे. त्यातले पावणेदोन कोटी-

माफ करा, चुकलं, पावणेदोन नव्हे, एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरले. आणि १८०७ मध्ये इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केला, तोपर्यंतच्या शतकभरात या धंद्यात सगळ्यांत पुढे होतं कोण, तर इंग्लंडच.

पार्लमेंटचं मन कशाने वळलं हा वेगळा वाद. एक बाजू म्हणते नफा आटला म्हणून, दुसरी म्हणते साखर तेव्हाही पैसा देत होती, लोकांच्या सह्यांच्या अर्जांनी वळलं. माझ्या मते १८३३ पुरतं तरी जमैकाला विसरून चालणार नाही. १८३१ च्या नाताळानंतर सॅम शार्प नावाच्या गुलाम धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने मजुरी मागत संप सुरू झाला, त्याचा उठाव झाला, साठ हजारांपर्यंत लोक त्यात उतरले असं सांगतात. गोरे मेले चौदा, फाशी वगैरे दिलेले गुलाम तीनशेच्या वर. शार्पला मे १८३२ मध्ये फासावर चढवलं. पुढच्या वर्षी कायदा. रात्रपाळी म्हणतात तेच, याला गेममध्ये जागा कुठे आहे?

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं ब्राझील-जमैका चालू द्या. मी अमेरिकेचं यादवी युद्ध लागलं की बाजारभाव उघडतो. कापूस!

आमचा आजा म्हणायचा, गावातली जुनी हवेली 'अमेरिकेच्या कापसाची' आहे. लहानपणी वाटायचं अमेरिकेहून कापूस आणून बांधली का काय. मग कळलं. १८६१ पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे गुलामांनी वेचलेला. उत्तरेने बंदरं रोखली आणि लिव्हरपूल आमच्याकडं वळलं. हिंगणघाट, खामगाव, अमरावती, सगळ्यांकडं. आमचा कापूस आखूड धाग्याचा, त्यात माती-सरकी, एरवी नाक मुरडायचे. तेव्हा मात्र गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी मुंबईत सांगतात.

तो पैसा मुंबईत शेअरबाजारात गेला. बॅकबेची भरणी करणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली, भाव कोसळला, जुलैपर्यंत मुंबईतले मोठेमोठे शेठ उताणे. शेअरदलाल प्रेमचंद रायचंदही त्यात सापडले. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला. म्हणजे व्हर्जिनियात बंदुका थांबल्या आणि मुंबईत दिवाळी बुडाली.

गेममध्ये ही साखळी थोडी तरी जमते, कारण मालाचा भाव जगभर फिरतो. एकदा मी अंकित हिंदुस्थान बघत होतो आणि अमेरिकेत युद्ध पेटल्यावर कापसाचा आकडा हिरवा होत गेला. बरं वाटलं. मग वाटलं, बरं का वाटतंय?

लिंबूटिंबू

ठेचा, शेवटची ओळ झोंबली. हलकं घेता आलं नाही.

बोटीवरचा

युरोपा युनिव्हर्सालिस ४ चा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. हजारभर तास घातलेत, अधिकार आहे.

त्यात गुलाम हा 'माल' आहे. धान्य, मीठ, हस्तिदंत यांच्या रांगेत, मूळ भाव २ डुकॅट, धान्यापेक्षा स्वस्त. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे प्रांत गुलाम 'पिकवतात', जसं आमचं कोकण आंबा पिकवतं. आणि तिकडे कॅरिबियनमधला प्रांत साखर पिकवतो. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही! गुलामांचा प्रांत एक नसला तरी साखर तेवढीच. माणसं कुठून उचलली, कुठे नेली, किती वाटेत गेली, काही नाही. शेवटच्या शतकात 'रद्द करा' हा निर्णय घेतला की तुमच्या प्रांतांत दुसरा काहीतरी माल उगवतो. गुलामाच्या जागी हस्तिदंत. इथे माणसाचा मजूरसुद्धा होत नाही, हत्तीचा दात होतो.

एम्पायर टोटल वॉरमध्ये तर तेही नाही. मराठे घेऊन खेळता येतं म्हणून आपण सगळे तुटून पडलो होतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापारी जहाजं उभी करायची आणि मिळायचं काय, हस्तिदंत. अठराव्या शतकात! जुन्या कॉलोनायझेशनमध्ये तंबाखू, ऊस, कापूस सगळं होतं, करारबद्ध नोकर होते, किरकोळ गुन्हेगारसुद्धा होते. आफ्रिकन माणूस एकही नाही.

तिन्हींत मला युरोपा गेमचा गुन्हा लहान वाटतो. निदान नकाशावर डाग तरी आहे.

अवांतर: आपल्या बाजूच्या समुद्रातला धंदा कुठल्याच गेमला दिसत नाही. लिन्सखोटेन नावाचा डच १५८३ ते १५८८ गोव्यात होता. भर रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा आणि त्यात घोड्यांबरोबर माणसंही विकली जायची, हे त्याने लिहून ठेवलंय. आणि मलिक अंबर! हबशाण्यात (आजच्या इथिओपियात) जन्म, लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतः पूर्वीचा हबशी गुलाम. पुढे हाच अंबर निजामशाही चालवतो, खडकी वसवतो, मोगलांना गनिमी काव्याने रडवतो. उसाच्या मळ्यातली गुलामगिरी आणि ही, दोन्हींना एकच शब्द वापरून भागत नाही. गेममध्ये मात्र एकच चित्र.

ताम्रपट

शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकच्या स्वारीत डचांना दिलेल्या कौलात गुलाम खरेदी करायला आणि किनाऱ्याला न्यायला साफ मनाई केली होती. आधीच्या राजवटीत चालत होतं, माझ्या राज्यात चालणार नाही, असा आशय. ब्रिटनच्या १८०७ च्या कायद्याआधी १३० वर्षं. हे कुठल्या गेममध्ये आहे?

सनावळी

कौल खरा आहे आणि डच कागदांत तो टिकला हे आपलं भाग्य. कुठल्याच गेममध्ये नाही हेही खरं. फक्त पुढचं पान उलटू या. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. सरकारी कोठ्या, पागा, किल्ले, सगळीकडे त्यांना राबवलं जाई. मराठे घेऊन खेळताना ती बाई कुठे दिसते? कुठेच नाही. गेमने जे गाळलं त्याची यादी करायची तर आपल्याला सोयीचं तेवढंच कसं घेणार.

ताम्रपट

मी नाही म्हटलं का? १६७७ चं सांगितलं, पेशवाईचं नाही. प्रत्येक ठिकाणी 'पण' लावलाच पाहिजे का?

दुपारची_झोप

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पण भांडू नका, धागा छान चाललाय.

खारीक_खोबरं

बोर्ड गेमवाल्यांची हजेरी. २००२ चा प्वेर्तो रिको घ्या. दर फेरीला जहाज येतं, त्यातून तपकिरी चकत्या उतरतात, त्या ऊस, तंबाखू, कॉफीच्या मळ्यावर ठेवायच्या. नियमपुस्तकात त्यांना 'वसाहतकरी' म्हणतात. आमच्या टेबलावर पुतणीने विचारलं, हे आपखुशीने आलेत का? कुणी उत्तर दिलं नाही, माझी पाळी होती तर मी मळा निवडला. आता त्याची १८९७ मध्ये घडणारी आवृत्ती आली आहे, म्हणजे तिथे गुलामगिरी संपल्यावर चोवीस वर्षांनी. कष्टकऱ्यांना मजुरी मिळते असं धरून चालतं. प्रश्न सोडवला म्हणायचं की तारीख पुढे ढकलली म्हणायचं?

उलट टोकाचं उदाहरण, डेन्मार्कच्या एका शैक्षणिक गेममध्ये गुलामांना जहाजात टेट्रिससारखं रचायचं होतं. २०१५ मध्ये बोंब झाल्यावर तो भाग काढला. त्यांचा हेतू म्हणे दाटीवाटी जाणवावी हा होता. जाणवत असेलही, पण रचताना हात मात्र ओळ पूर्ण करण्याच्या मागे लागतो.

मोरिसवाला

तीन वर्षं नोकरीनिमित्त पोर्ट लुईसला होतो, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे 'रद्द' या शब्दाशी थांबताय. मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली १ फेब्रुवारी १८३५ ला. आपल्याकडून मजूर घेऊन ॲटलस जहाज बंदराला लागलं २ नोव्हेंबर १८३४ ला. तारखा परत वाचा. एक जायच्या आधी दुसरा हजर.

तिथे आप्रवासी घाट आहे, समुद्रातून वर यायच्या सोळा पायऱ्या. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या वर माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार-भोजपूरकडची आणि तमिळ, पण मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोकही होते. त्यांचे वंशज आज स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. माझ्या शेजारच्या आजी क्रेओल बोलायच्या, पण आरती मराठीत, तोंडपाठ. 'शेंदुर लाल चढायो'ला मात्र अडखळायच्या.

दुसरं उदाहरण जॉन ग्लॅडस्टनचं, पंतप्रधान ग्लॅडस्टनचा बाप. २,५०८ गुलामांची भरपाई म्हणून त्याच्या नावावर १,०६,७६९ पौंड. आणि १८३८ मध्ये ब्रिटिश गयानात हिंदुस्थानी मजुरांची पहिली दोन जहाजं नेण्याच्या खटपटीत पुढे कोण? हाच. एका हाताने भरपाई, दुसऱ्या हाताने बदली माणूस. तुमच्या गेममध्ये कायदा पास झाल्यावर मळ्यावर कोण येतं, तेवढं सांगा.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सनावळी आणि ताम्रपट, दोघांच्याही नोंदी वहीत उतरवून घेतल्या.

लिंबूटिंबू, 'गेम आहे' हे मान्यच. म्हणूनच तर विचारलं. कापसाचा भाव जगभर फिरवता येतो, जमीनदारांचं बंड घडवता येतं, तर मळ्यावरून निघून जाणारी माणसं दाखवणं हिशेबाच्या दृष्टीने अवघड नाही. शेतकरी गेममध्ये स्थलांतर करतातच. एखाद्या प्रांतात पीक बुडालं, बंदर बंद पडलं, सैन्य दुसरीकडे गुंतलं की तिथल्या गुलामांचा आकडा आपोआप गळू लागला पाहिजे. कायद्याची पट्टी त्याच्या मागून यावी. मॉड करणाऱ्या (गेममध्ये स्वतः बदल करणाऱ्या) कुणाला हात घालायचा असेल तर मी माहिती पुरवतो, कोड मला येत नाही.

मोरिसवाला, तुमचा प्रश्न वाचून काल रात्री तोच खेळ परत उघडला. कायदा पास व्हायच्या आधीचा सेव्ह घेतला, या वेळी कायद्याला हात लावला नाही आणि वेग वाढवून १८८७ पर्यंत जाऊ दिला. मग साओ पावलोचं पान उघडून बसलो. कॉफीचे मळे पूर्ण भरलेले. गुलामांचा आकडा महिन्याला थोडाथोडा वाढतोय.

वऱ्हाडी_ठेचा

सेव्ह फाईल पाठव. पोरगा मॉड करतो, त्याला दाखवतो.